बाहुलीच्या कानात सांगितलेले

मुले बाहुल्यांशी बोलतात, ही गोष्ट कोणत्याही मातेला नव्याने सांगावी लागत नाही. वडीलधाऱ्यांपुढे ओठ घट्ट मिटून बसलेले मूल कोपऱ्यात जाऊन चिंध्यांच्या बाहुलीला दिवसभराची सारी हकीकत ऐकवीत असते. शाळेत कोणी चिडविले, कोणाची भीती वाटते, कोणाच्या घरी जाणे नकोसे वाटते, हे सारे बाहुलीला ठाऊक असते; आईला नसते. या साध्या निरीक्षणावर विसाव्या शतकात एक शिक्षणपद्धती उभी राहिली. मृत्यू, अपंगत्व, रोग, लैंगिक अत्याचार असे जे विषय घरात व वर्गात काढणे जड जाते, ते बाहुल्यांच्या तोंडून मुलांपुढे मांडण्याची ही पद्धती. तिच्या इतिहासाकडे आम्ही येथे वळत आहोत ते केवळ कलेच्या कौतुकापोटी नव्हे. बाहुली हाती घेतलेल्या मोठ्या माणसांनी मुलांचे कुठे ऐकले आणि कुठे ऐकले नाही, याचा तो इतिहास आहे, आणि लहान मुले असलेल्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

बाहुल्यांचा खेळ आपल्या भूमीला नवा नाही. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुल्यांचे दृष्टान्त येतात. संस्कृत नाटकातील सूत्रधार म्हणजे मुळात बाहुल्यांची सूत्रे धरणारा, असा काही पंडितांचा तर्क आहे; तो सर्वांना मान्य नाही, परंतु सहज सोडून देण्यासारखाही नाही. आज मात्र 'कळसूत्री बाहुले' हे शब्द आपण निंदेसाठीच वापरतो. ज्याला स्वतःचे मन नाही, दुसरा हलवील तसा जो हलतो, तो कळसूत्री बाहुले. हा निंदेचा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

ख्रिस्ती युरोपात बाहुलीचा एक धागा थेट नाताळच्या गोठ्यापर्यंत जातो. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेचो या गावी गव्हाणीचा देखावा उभा केला, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पुढे पोलंड देशात या गोठ्यातील मूर्ती हलू-बोलू लागल्या. बाळ येशू, मरिया व योसेफ यांच्या जोडीला हेरोद राजा आला, मृत्यू आला, सैतान आला, मागोमाग गावातले व्यापारी आणि शिपाईही आले. 'शोपका' या नावाने ओळखला जाणारा हा खेळ पाहताना मंदिरात इतका हशा पिकू लागला की अठराव्या शतकात महागुरूंना या बाहुल्या मंदिराबाहेर काढाव्या लागल्या. त्या रस्त्यावर आल्या, दारोदार हिंडू लागल्या आणि अधिकच लोकप्रिय झाल्या. क्राकोव शहरातील गोठे रचण्याच्या परंपरेचा २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. 'मारिओनेत' हा दोरीच्या बाहुलीसाठीचा फ्रेंच शब्दही मरिया या नावाच्या लाडक्या रूपावरून आला आहे.

हे खेळ साऱ्या गावासाठी होते. समाजातील विशिष्ट प्रश्नासाठी बाहुली हेतुपुरस्सर हाती घेण्याचे आपल्या देशातील एक महत्त्वाचे उदाहरण उत्तर प्रदेशात सापडते. वेल्थी फिशर या अमेरिकन मेथडिस्ट महागुरूंच्या पत्नी. पतीच्या निधनानंतर त्या पुन्हा भारतात आल्या. हत्येच्या काही आठवडे आधी महात्मा गांधींनी त्यांना खेड्यांकडे जाण्याचा सल्ला दिला होता. १९५३ मध्ये अलाहाबादेस त्यांनी 'लिटरसी हाउस' ही संस्था काढली आणि १९५६ मध्ये ती लखनौला हलविली. तेथील इमारतींची रचना लॉरी बेकर या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने केली. साक्षरता, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय खेडुतांपुढे मांडण्यासाठी या संस्थेने बाहुल्यांचा मोठा उपयोग केला. १९६४ मध्ये वेल्थीबाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारच्या गीत व नाटक विभागानेही गावोगावी बाहुल्यांचे खेळ नेले.

या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तरीही अशा प्रचारखेळांत एक उणीव राहून जाई. बाहुली बोले आणि गाव ऐके. खेळ संपला की पेटी बंद, बैलगाडी वा जीप पुढच्या गावाला. पुढच्या रांगेत मातीत मांडी घालून बसलेल्या मुलांना काय वाटले, हे विचारण्याची सोय त्यात बहुधा नसे. भिंतीवरच्या फलकाला हातपाय फुटावेत, तशी ती बाहुली होती.

१० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमाचा पहिला भाग दाखविण्यात आला. जिम हेन्सन या कल्पक बाहुलीकाराच्या बाहुल्या आणि खरी माणसे एकाच गल्लीत राहतात, अशी त्याची मांडणी होती. गरीब वस्त्यांतील मुलांना शाळेपूर्वी अक्षरे व अंक यावेत, हा मूळ हेतू. बालमानसशास्त्रज्ञ आणि लेखक एकत्र बसून भाग रचीत आणि रचलेले मुलांना दाखवून तपासून पाहत. या तपासण्याच्या सवयीमुळेच पुढे दोन प्रसंगी या मंडळींच्या हातून मोठे काम झाले. त्या दोन प्रसंगांपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत.

गल्लीतील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली हे नट डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. दुसरा नट आणता आला असता. हूपर दूरगावी राहायला गेले, असेही सांगता आले असते. कार्यक्रमकर्त्यांनी खरे सांगायचे ठरविले. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, म्हणजे अमेरिकेतील आभारदिनाच्या सुट्टीला, मुलांजवळ आईवडील घरी असतील असा दिवस पाहून तो भाग दाखविण्यात आला. बिग बर्ड हा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी मनाने सहा वर्षांचा. तो सर्व मित्रांची चित्रे काढून वाटतो, हूपरचे चित्र हातात उरते, आणि ते परत आले की देईन, असे तो म्हणतो. मोठी माणसे त्याला सांगतात की हूपर वारले आहेत, आणि मेलेली माणसे परत येत नाहीत. असे का व्हावे, हा त्याचा प्रश्न. त्याला ती कोणतेही कारण देत नाहीत. ते आजारी होते असे म्हटले असते तर ताप आलेल्या प्रत्येक मुलाला मरणाची धास्ती बसली असती. म्हणून ते शब्द मुद्दाम टाळले. पुनरुत्थानाची आशा ज्या घरांत आहे, तेथे या उत्तराच्या पुढे आणखी काही सांगायचे उरते, हे उघड आहे. परंतु ते घरच्या माणसांनी सांगावयाचे, बाहुलीने नव्हे, एवढा विवेक त्या मंडळींनी राखला. आपल्याकडे 'आजोबा देवाघरी गेले' असे सांगून मुलाला अंत्यविधीपासून दूर पाठविण्याची जी चाल आहे, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

दुसरा प्रसंग आम्हांस याहूनही मोलाचा वाटतो. १९७१ पासून बिग बर्डला एक मित्र होता. स्नफलोपॅगस नावाचा, केसाळ हत्तीसारखा, भला थोरला प्राणी. गंमत अशी की गल्लीतील मोठी माणसे येण्याच्या आतच तो निघून जाई. बिग बर्ड जीव तोडून सांगे की माझा मित्र आत्ता येथे होता. मोठी माणसे हसत आणि हा कल्पनेतला मित्र, असे म्हणून सोडून देत. चौदा वर्षे हा विनोद चालला. प्रेक्षक मुलांना तो प्राणी डोळ्यांनी दिसत होता. म्हणजे बिग बर्ड खरे बोलतो आहे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक होते आणि तरीही मोठी माणसे त्याचे ऐकत नाहीत, हेही ते रोज पाहत होते.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या बातम्या एकापाठोपाठ एक बाहेर येऊ लागल्या. तेव्हा कार्यक्रमकर्त्यांच्या मनात शंका आली. खरे सांगितले तरी मोठी माणसे विश्वास ठेवीत नाहीत, हाच धडा आपण लक्षावधी मुलांना विनोदाच्या वेष्टनात देत आहोत काय? नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी तो विनोद कायमचा थांबविला. एल्मो नावाची छोटी लाल बाहुली स्नफलोपॅगसच्या सोंडेला घट्ट धरून ठेवते, मोठी माणसे धावत येतात आणि त्यांना तो समोर दिसतो. ती ओशाळतात, बिग बर्डची क्षमा मागतात, यापुढे तुझे ऐकू, असे सांगतात. या भागात अत्याचार हा शब्दही नाही. मुलाच्या सुरक्षिततेवरचा इतका नेमका धडा आमच्या पाहण्यात दुसरा नाही, आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांसाठी आहे.

याच सुमारास त्याच देशात एक निराळा प्रयोग मूळ धरू लागला होता. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिक्षण मिळावे, असा कायदा तेथे १९७५ मध्ये झाला. कायद्याने चाकांची खुर्ची वर्गाच्या दारात आली खरी. वर्गातील इतर मुलांना तिच्याकडे कसे पाहावे, हे कोणी शिकविले नव्हते. बार्बरा आयेलो या विशेष शिक्षिकेने १९७७ मध्ये 'किड्स ऑन द ब्लॉक' या नावाने एक बाहुलीसंच तयार केला. (याच बाई पुढे यहुदी धर्मगुरू होऊन इटलीत गेल्या. माणसाच्या आयुष्याची वळणे कोणी सांगावीत!) मार्क रायली ही त्यांची पहिली बाहुली; मेंदूच्या पक्षाघातामुळे खुर्चीत बसणारा, बोलका, थोडा आगाऊ मुलगा. बाहुल्या खऱ्या मुलाएवढ्या उंच, आणि त्या चालविणारी माणसे जपानी बुनराकु पद्धतीप्रमाणे काळ्या वेषात, सर्वांच्या देखत उभी.

या खेळाचे खरे मर्म खेळ संपल्यानंतर सुरू होई. मुलांनी बाहुलीला प्रश्न विचारावयाचे आणि बाहुलीने उत्तर द्यावयाचे. शेजारच्या बाकावरील अपंग मुलाला जे विचारणे असभ्यपणाचे ठरले असते, ते मार्कला बिनदिक्कत विचारता येई. खुर्चीतून बाहेर कसा पडतोस? तुला राग येतो का? तुझा आजार मला लागेल का? बाहुलीला दुखत नाही आणि बाहुली रागावत नाही, म्हणून मूल मनातले बोलते. पुढे याच संचात अत्याचाराविषयीच्या बाहुल्याही आल्या. येथे बाहुली फलक राहिली नाही. ती ऐकू लागली. लखनौ ते वॉशिंग्टन या प्रवासात आम्हांस जाणवणारा फरक एवढाच, परंतु तो मोठा आहे.

आता प्रारंभी सांगितलेल्या त्या निंदेच्या अर्थाकडे वळू. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी एका बालवाडीतील शिक्षकांवर मुलांवरील अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि मुलाखत घेणाऱ्यांनी मुलांच्या हातांत बाहुल्या दिल्या. हेतू चांगलाच होता. मुलांचा संकोच जावा. परंतु पुढे न्यायालयात त्या मुलाखतींच्या ध्वनिचित्रफिती दाखविल्या गेल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. काही घडले नाही, असे सांगणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारले जात होते. इतरांनी सांगितले, तू हुशार आहेस, तुझ्या बाहुलीलाही आठवत असेल, अशा धर्तीचे ते बोलणे. बाहुली मुलाच्या हातात होती, सूत्रे मोठ्यांच्या. वर्षानुवर्षे चाललेला हा खटला १९९० मध्ये संपला, तेव्हा एकही आरोप सिद्ध झाला नव्हता. निरपराध ठरलेल्यांची उमेदीची वर्षे गेली. ज्यांच्या तोंडी नको ते शब्द घातले गेले, त्या मुलांचे नुकसान कोणत्या मापाने मोजावे?

या प्रकरणाचा आधार घेऊन 'मुले खोटे बोलतात' असे म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही भेटतात. आमच्या मते यातून निघणारा अर्थ अगदी वेगळा आहे. मुलांनी पहिल्यांदा जे सांगितले होते, ते मोठ्यांना ऐकायचे नव्हते. बिग बर्डच्या गल्लीत मूल 'आहे' म्हणत होते आणि मोठी माणसे 'नाही' म्हणत होती. कॅलिफोर्नियात मूल 'नाही' म्हणत होते आणि मोठी माणसे 'आहे' म्हणत होती. न ऐकण्याचा दोष दोन्हीकडे एकच.

दक्षिण आफ्रिकेत बाहुलीपुढे निराळेच संकट होते. १९८७ मध्ये, वर्णद्वेषी राजवट अजून उभी असताना, गॅरी फ्रीडमन या बाहुलीकाराने एड्सविषयी लोकशिक्षण देण्यासाठी रस्त्यावरचा बाहुल्यांचा खेळ सुरू केला. माणसाहून उंच अशा बाहुल्या चौकात, बसथांब्यावर उभ्या राहत. हा रोग दुसऱ्या वर्णाच्या लोकांचा, असे प्रत्येक वर्णाचे लोक मानीत होते; बाहुलीला कोणत्याच वर्णाचे ठरविता येऊ नये, याची काळजी घ्यावी लागे. पुढे तेथील दूरदर्शनवरील 'टाकालानी सेसमी' या बालकार्यक्रमात २००२ मध्ये कामी नावाची बाहुली आली. सोनेरी पिवळ्या रंगाची, पाच वर्षांची, आई एड्सने गेलेली आणि स्वतःला एचआयव्हीची लागण असलेली. तिच्याशी खेळलेले, तिचा हात धरलेला चालतो, हे तिने मुलांना सांगितले. परदेशांत यावर टीका झाली, मुलांना हे कशाला, असे विचारले गेले. ज्या देशात वर्गातल्या कित्येक मुलांच्या आया याच रोगाने जात होत्या, त्या देशातील मुलांना हे ठाऊकच होते. त्यांना हवी होती ती केवळ त्याविषयी बोलण्याची मुभा.

आपल्या महाराष्ट्राकडे वळताना प्रथम पिंगुळीचे स्मरण होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामायण-महाभारताचे आख्यान लावणाऱ्या या बाहुल्यांनी अलीकडे सामाजिक विषयही हाती घेतले. बोलक्या बाहुल्यांची परंपरा शहरी. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला आहे, आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी त्याला महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. याच रामदासांच्या हातून 'झपाटलेला' या १९९३ च्या चित्रपटासाठी तात्या विंचू घडला आणि एका पिढीतील पुष्कळ मुलांची रात्रीची झोप उडाली. बाहुलीची सत्ता मुलाच्या मनावर किती चालते, याचा हाही एक दाखलाच म्हणावयाचा.

मराठीत आमच्या विषयाला थेट हात घातला तो मीना नाईक यांनी. बाहुलीनाट्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्या या कलावतीने बालकांवरील लैंगिक अत्याचारावर 'वाटेवरती काचा गं' हे नाटक रंगभूमीवर आणले. या नावातील तो 'गं' आम्हांस फार बोलका वाटतो. मोठ्या बहिणीने धाकटीला हळूच सांगावे, तसा तो स्वर आहे. सभागृहात मुलांबरोबर आईवडीलही बसलेले असताना असा विषय काढणे, तोही घरातल्या, ओळखीतल्या माणसांविषयी, हे सोपे काम नव्हते.

त्याची गरज किती होती, हे २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून दिसले. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार आपल्या वाट्याला आल्याचे सांगितले. त्यांतील निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासातील होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट आधी कोणालाही सांगितलेली नव्हती. ही पाहणी केवळ मुलींची नव्हती; मुलग्यांचे प्रमाणही मुलींच्या बरोबरीचे निघाले, हे मुलग्यांच्या मातापित्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' हा कायदा अंमलात आला. अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे या कायद्याने बंधनकारक आहे. त्यातून धर्मगुरू, धर्मभगिनी, शिक्षक, मामा, काका कोणीही सुटत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, पोलिसाने गणवेष न घालता घ्यावयाचा असतो. न्यायालयातही वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारावयाचे नाहीत. ते न्यायाधीशांमार्फत जातात. मॅनहॅटन बीचची कथा वाचल्यानंतर या तरतुदींचे मोल अधिक उमगते. ख्रिस्तसभेलाही हा धडा सहजी मिळालेला नाही. अनेक देशांतील चौकश्यांनी आपल्याच संस्थांतील मुलांचे आक्रोश वर्षानुवर्षे दडपले गेल्याचे उघड केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रान्वये प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदविण्याची व्यवस्था असणे आवश्यक ठरले.

आपल्या धर्मग्रामांतून रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात आणि उन्हाळी शिबिरांत अधूनमधून बाहुल्यांचे खेळ होतात. जुना मोजा, दोन बटणे, थोडी लोकर एवढ्यावर उत्तम बाहुली होते. बहुधा उधळ्या पुत्राची किंवा भल्या शोमरोनीची गोष्ट सांगून खेळ आटोपतो आणि खाऊ वाटला जातो. जे शिक्षक 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा विषय बाहुल्यांतून घेऊ इच्छितात, त्यांना आम्ही इतकेच सुचवू की खेळाला पंधरा मिनिटे दिली असतील, तर प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवावा. त्या अर्ध्या तासात बाहुली एखाद्या मुलाच्या हाती द्यावी आणि ती काय म्हणते हे मुलालाच ठरवू द्यावे. मुलाने काही सांगितलेच, तर त्याचे शब्द आहेत तसे लिहून घ्यावेत. आपले शब्द त्यात मिसळू नयेत, खोदून विचारू नये, आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते कायद्याने पाळता येणार नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात, मुलांच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.